एका शालीच्या मागावर: इंदापूर, बारामती आणि डिकीभर नारळ

इंदापूर तालुका बघायला म्हणून कुणी घराबाहेर पडत नाही. भिगवणला पक्षी बघायला जातात, मासे खायला जातात आणि उरलेला तालुका सोलापूरला जाता जाता काचेतून बघतात. मीही आजवर तेच केलं होतं. गेल्या हिवाळ्यात मात्र बुधवारी सकाळी, दात घासत असतानाच दत्तूतात्यांचा फोन आला.

"ताई, एक बारीकशी गडबड झालीया."

"काय झालं?"

"शाल गेली."

"गेली म्हणजे? चोरीला?"

"न्हाय, न्हाय. सत्काराला गेली."

ती कुठली शाल आणि एका शालीसाठी मी तासाभरात गाडीत कशी बसले, हे कळायला माझा धंदा सांगायला हवा. मी पुण्यात फॅशन डिझायनर आहे. लग्नाचे लेहंगे शिवून पोट भरते आणि हौस म्हणून चित्रकार-शिल्पकारांबरोबर कपडे करते. एका शिल्पकाराबरोबर प्लास्टरचा घागरा केला. तो घालून बसता येत नव्हतं, म्हणून मॉडेलला टेंपोत उभं करून न्यावं लागलं. एका व्हिडिओ आर्टिस्टबरोबर समुद्र दिसणारा झगा केला. ऐन कार्यक्रमात वीज गेली आणि समुद्राच्या जागी नुसती पांढरी चादर उरली. तिसरा प्रयोग तांब्याच्या पत्र्याचं पोलकं. त्याचे फोटो दुपारी बाराच्या उन्हात काढायचं ज्यानं ठरवलं, त्याच्याशी मी आता बोलत नाही. वर्तमानपत्रांत सगळ्यांचे फोटो छान आले. आई प्रत्येक वेळी एकच विचारायची, "हे कुणी घालणार आहे का?" मी म्हणायचे, "ते घालायचं नसतं, आई."

दत्तूतात्या मला पाटसच्या पुढे सापडले. म्हणजे ते नाही, त्यांची सही. उसाच्या ट्रॉलीच्या मागच्या फळीवर मोर काढला होता आणि मोरापेक्षा मोठी सही होती: 'दत्तू आर्टिस्ट, वरकुटे'. मी ट्रॉलीचा पाठलाग केला, ड्रायव्हरकडून पत्ता घेतला आणि पुढच्या महिन्यात तात्या माझे भागीदार झाले. मी सुती-रेशमी कापडाची साय-रंगाची शाल केली, लाल काठ लावला, काठावर हातानं टाका घातला. तात्यांनी तिच्यावर ऊस, ट्रॅक्टर आणि ट्रॅक्टरमागे चालणारे बगळे रंगवले. एक चतुर्थांश जागा सहीनं खाल्ली. बाकी सगळं मी दिलेल्या कापडी रंगात केलं, सही तेवढी ऑइलपेंटमध्ये, कारण "सही टिकाऊ पायजे". खाली मोबाइल नंबर टाकण्यावरून आमचं भांडण झालं आणि ते मी जिंकले.

ही शाल शुक्रवारी मुंबईच्या एका गॅलरीत भिंतीवर लागायची होती. गॅलरी चालवणाऱ्या रेवतीनं कॅटलॉग छापला होता, खिळा ठोकला होता, खाली तात्यांच्या नावाची पट्टीही लावली होती. मी शाल न्यायला गुरुवारी जाणारच होते. आता ती सापडली नाही, तर माझं हसं होणार होतंच, पण "मुंबईच्या भिंतीवर माझं नाव लागणार हाय" असं तात्यांनी अख्ख्या वरकुट्यात सांगून ठेवलं होतं. त्यांचं काय झालं असतं, याची मला जास्त धास्ती होती.

रस्त्याबद्दल थोडं. हडपसर, यवत, पाटस, भिगवण असा सोलापूर हायवे. गाळपाचा हंगाम असेल तर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्याच्या मधोमध, गाणी लावून, लग्नाच्या वरातीसारखे चालतात. हॉर्न वाजवू नका, त्यांना ऐकू जात नाही. वळणावर ओव्हरटेक तर मुळीच करू नका. भिगवणला थांबून चिलापीचे मासे खाल्ले. थाळी अडीचशेच्या आसपास, रस्सा तिखटजाळ, भाकरी हातावरची. काळजीत असताना माणसाला भूक लागत नाही म्हणतात, ते भिगवणला लागू पडत नाही.

वरकुट्यात तात्या रस्त्यावरच उभे होते. पांढरी टोपी, खिशाला ब्रश, चेहरा पडलेला. घरात मालनकाकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, अजिबात पडलेल्या नव्हत्या.

झालं होतं असं. शालीवर धूळ बसू नये म्हणून ती चित्राची बाजू आत घेऊन घडी घाला आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, असं मीच तात्यांना सांगितलं होतं. तात्यांनी जुन्या शालीची एक पिशवी घेतली, तीत शाल घातली आणि कपाटात ठेवली. त्या भागात प्रत्येक घरात एक खण शालींचा असतो. पाहुणा आला, कुणाचं काही चांगलं झालं, की वरची पिशवी काढायची, नारळ घ्यायचा आणि सत्कार करायचा. रविवारी तात्यांच्या रानात बोअरला पाणी लागलं. पूजेला बावड्याचे माजी सरपंच दादासाहेब आले आणि काकूंनी वरची पिशवी काढली.

"अगं, पर ती आर्ट हुती!" तात्या कळवळून म्हणाले.

"आर्ट हुती तर भिताडाला लावायची. आता तुमीच सांगा ताई. शालींच्या खणात, शालीच्या पिशवीत, शालीची घडी घालून ठिवल्याली वस्तू. तिला मी काय पातेलं समजायचं व्हय?"

काकूंनी पुढ्यात पिठलं-भाकरी ठेवली होती आणि ठेच्यानं तोंड बंदच झालं होतं.

"बावडा काय लांब न्हाय," तात्या म्हणाले. "दादासायबांनी पिशवी उघडली नसंल. सत्काराची शाल कोनी उघडत न्हाय."

निघताना काकूंनी मला थांबवलं, कुंकू लावलं आणि माझा सत्कार केला. शाल, नारळ. मी म्हटलं, "काकू, मला आपलीच शाल शोधायचीय." त्या म्हणाल्या, "ती सापडंल तवा सापडंल. पैल्यांदा घरी आलाय." तात्यांनी माझ्या फोनवर फोटो काढला.

बावड्याला जायला मोजून तासाभराचा रस्ता, पण तात्या शेजारी बसल्यावर दुप्पट वेळ धरा. प्रत्येक गावात भिंत आली की गाडी हळू घ्यायची.

"ह्यो वाघ माझा."

"छान आहे. पण नाकात काय आहे?"

"नळ. तो मागनं बसवला त्यांनी. मी म्हनलं, शेपटीला बसवा. ऐकत न्हायत."

पुढे एका सभागृहाच्या कमानीवर 'सत्कारमूर्ती' असा जुना, फिकट झालेला फलक होता. तात्या त्याच्याकडे वळून वळून बघत राहिले. म्हणाले, "आता समदं फ्लेक्सवर आलं. पर वीस-पंचवीस वर्सं तालुक्यातला हरेक सत्कार माझ्या अक्षरात झालाय, ताई. कुनाकुनाची नावं रंगवली, मोजदाद न्हाय."

"तुमचा कधी झाला?"

"आमचा कोन करतंय? आमी घरचीच," असं म्हणून त्यांनी काच खाली केली आणि पुढच्या भिंतीवरचा मोरही त्यांचाच असल्याचं सांगितलं.

दादासाहेब अंगणात झोपाळ्यावर बसले होते. शालीचं नाव काढल्यावर ते मनापासून गोंधळले. "कंची शाल? हितं रोज येत्यात, रोज जात्यात." त्यांना विचारण्यात अर्थच नव्हता. अशा गोष्टी घरातल्या सुनेला विचारायच्या, हा धडा मी इथं शिकले. आतून सूनबाई पदर सावरत आल्या आणि एका दमात म्हणाल्या, "वरकुट्याची ना? लाल काठाची? ती सोमवारी वालचंदनगरला गेली. देशपांडे सायबांचा निरोप समारंभ हुता, मामांनी त्यांच्या खांद्याला लावली."

"उघडली नाही ना?"

सूनबाईंनी माझ्याकडे दया आल्यासारखं बघितलं. "शाल कशाला उघडत्यात?"

दादासाहेब मला तसंच जाऊ देणार नव्हते. पुण्याची मॅडम दारात आली, मग झालंच. शाल, नारळ, वर फेटाही. "तात्या, जरा फोटू काडा," असं म्हणून त्यांनी माझा फोन तात्यांच्या हातात दिला आणि तात्यांनी काढला. मुक्काम इंदापुरात एका लॉजवर केला. खोली हजाराच्या आत, गरम पाणी सकाळी मागावं लागतं, मच्छर न मागता मिळतात. रेवतीचा फोन आला. "शाल निघाली का?" मी म्हटलं, "कधीचीच." यात खोटं काहीच नव्हतं.

गुरुवारी सकाळी वालचंदनगर. निमगाव केतकी, जंक्शन नावाचं गाव, मग कारखान्याची वसाहत. तात्यांनी सकाळीच एक अडचण काढली होती. "रिटायर झाल्याल्या मानसाच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायाचं?" मी म्हटलं, डिकीत दोन शाली आहेत. बोलून झाल्यावर लक्षात आलं की मी नेमकं काय बोलले. एक दिवस झाला नव्हता आणि मी मालनकाकूंसारखा विचार करू लागले होते.

वसाहतीत शिरलं की आवाज एकदम कमी होतो. जुनी झाडं, एकसारखे क्वार्टर, सायकलवरून कामावर जाणारी माणसं. मला ते गाव फार आवडलं, जाताना वाट वाकडी करा. देशपांडे काकूंच्या घरात मात्र खोक्यांचा डोंगर होता. आयुष्य या क्वार्टरमध्ये काढून ती दोघं आता मुलाकडे निघाली होती. मी देशपांडे साहेबांच्या खांद्यावर बावड्याची शाल ठेवली, हातात नारळ दिला. साहेब भारावून गेले. काकूंनी ती शाल माझ्यादेखत उचलली आणि दुसऱ्या पिशव्यांवर ठेवली.

"लाल काठाची?" त्या म्हणाल्या. "हो, होती. छान होती हो. पण निरोपाला इतक्या शाली आल्या, नेणार कुठे? ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन केलं ना, त्या बारामतीच्या डॉक्टरांना परवा भेटायला गेलो, त्यांना देऊन टाकली."

"तुम्ही स्वतः एकही ठेवली नाही?"

"ठेवून काय करायचं? अहो, एवढे हिवाळे काढले इथं, थंडी काय वाजली नसेल? पण सत्काराची शाल कधी पांघरली नाही. ती नवी राहायला हवी ना, पुढे द्यायला." असं म्हणून त्यांनी साबुदाण्याची खिचडी वाढली आणि निघताना मला शाल-नारळ दिला. मी एक शाल देऊन एक घेऊन निघाले. नारळही तसाच, दिला एक, आला एक. साहेबांनी फोन तात्यांच्या हातात दिला होता. "तुम्ही तर घरचेच," असं ते म्हणाले. तात्यांनी याआधी त्या घरात पाऊलही टाकलं नव्हतं.

भवानीनगरवरून बारामती. रस्ता चांगला, दुतर्फा ऊस, मध्ये एका गुऱ्हाळापाशी थांबून रस प्यायलो. प्रत्येक स्पीडब्रेकरला डिकीत नारळ गडगडत होते. बारामतीत शिरल्यावर दुभाजकावर फुलं, सिग्नल, चकचकीत दुकानं, आणि डॉक्टरांच्या दवाखान्यात गर्दी एवढी की पाय ठेवायला जागा नाही. काउंटरवरची मुलगी पेशंटशिवाय कुणाला आत सोडायला तयार नव्हती. शालीसाठी डॉक्टरांना भेटायचंय, हे मी तिला दोनदा सांगून बघितलं. शेवटी तात्या पुढे झाले. "माजा गुडघा दुखतोय," ते म्हणाले. "कंचा बी लिव्हा."

डॉक्टरांनी गुडघा वाकवला, सरळ केला, दाबला. तात्या खरोखरच ओरडले. मग मी घाईघाईनं शालीचं सांगितलं. डॉक्टर हसले आणि त्यांनी मागचं कपाट उघडलं. ते रिकामं होतं. "इंदापूरच्या मंडळाची पोरं सकाळीच येऊन सगळ्या घेऊन गेली. आज संध्याकाळी त्यांचा चित्रकला स्पर्धेचा बक्षीस समारंभ आहे. मी दरवर्षी देतो, कपाट मोकळं होतं."

"उघडून बघितली नव्हती ना?" मी सवयीनं विचारलं.

"सत्काराची शाल?" डॉक्टर म्हणाले, आणि त्यांना एकदम आठवलं की माझा सत्कार राहिलाय. कपाट रिकामं होतं, म्हणून त्यांनी माझ्याच डिकीतली शाल मागवली आणि तीच माझ्या खांद्यावर ठेवली. तात्यांनी एका पायावर उभं राहून फोटो काढला.

"आन् गुडघा?" त्यांनी जाता जाता विचारलं.

"वजन कमी करा," डॉक्टर म्हणाले.

इंदापूरला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. शाळेच्या मैदानात मंडप, स्टेज, स्टेजवर मोठा फ्लेक्स. फ्लेक्सवर एकूण चेहरे पन्नासेक, पण चित्र काढणाऱ्या मुलांपैकी एकाचाही नाही. मुलं सतरंजीवर बसून पेंगत होती. स्टेजच्या कडेला टेबलावर ताटं होती, ताटांत पिशव्या, वर पांढरं कापड. मी मंडळाच्या अध्यक्षाला गाठलं आणि शाली एकदा बघू का, असं विचारलं.

"सत्काराच्या आदी शाल बघत न्हायत, मॅडम. तुमी बसा. तुमचा सत्कार हाय."

पहिल्या रांगेत मला खुर्ची दिली. तात्यांना खुर्ची नव्हती. माझा फोन घेऊन ते मधल्या वाटेत उभे राहिले, तिथून फोटो चांगला येतो म्हणून. मालनकाकूही वरकुट्याहून जीपनं आल्या होत्या आणि बायकांत बसल्या होत्या. बहुधा आपण दिलेली शाल कुठवर पोचली ते बघायला.

मग सत्कार सुरू झाले. तुम्ही कधी स्वतःची पाच महिन्यांची मेहनत एका ताटात झाकलेली असताना सत्कार बघितलेत का? प्रत्येक पिशवी उचलली की मी मान लांब करायचे. निळा काठ. हिरवा काठ. प्रमुख पाहुणे, विशेष पाहुणे, माजी अध्यक्ष, त्यांच्याही आधीचे अध्यक्ष. सत्कार करणाऱ्यांचे सत्कार. मग मंडपवाल्याचा. मग माइकवाल्याचा, आणि तो स्टेजवर गेल्यामुळे माइक बंद पडला तो वेगळाच. मुलांची बक्षिसं मध्येच कधीतरी भराभर उरकली. तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं की या मंडपात ज्याचा म्हणून ब्रशशी संबंध आहे असा एकच मोठा माणूस आहे आणि तो वाटेत उभा राहून माइकवाल्याचा फोटो काढतोय. मला राग आला. दोन दिवस हे माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं, दर वेळी फोन माझाच होता, आणि मला काहीच वाटलं नव्हतं. तो राग माझ्यावरही होता.

"पुण्याहून खास आपल्यासाठी आलेल्या..." निवेदकानं माझं नाव घेतलं. मी स्टेजवर गेले. अध्यक्षानं ताटातली शेवटची पिशवी उचलली.

लाल काठ. काठावर माझा टाका.

खरं सांगते, पहिला विचार आला तो गाडीची किल्ली कुठंय हा. शाल रीतसर माझी होत होती. उद्या सकाळी निघाले तर दुपारी मुंबई, संध्याकाळी भिंतीवर. कुणाला काही सांगायची गरज नव्हती. अध्यक्षानं पिशवी माझ्या खांद्याला टेकवली आणि सगळे फोटोसाठी समोर बघू लागले. फोटो निघेना. तात्या फोन डोळ्यांसमोर धरून तसेच उभे होते. त्यांनीही काठ ओळखला होता.

"तात्या, काडा की फोटू!" अध्यक्ष ओरडला.

"काडतो की. पिशवी जरा वर धरा."

मी पिशवी उघडली. "मॅडम, घडी नका मोडू," निवेदक हळूच म्हणाला, पण मी मोडली. शाल दोन्ही हातांनी वर धरली. ऊस, ट्रॅक्टर, बगळे आणि ती सही. मंडपात मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, ही तर तात्याची!" तालुक्यातल्या निम्म्या भिंतींवर ती सही होती, ओळखायला कुणाला वेळ लागला नाही.

मी माइक घेतला. तो सुदैवानं चालू होता. "सही वाचलीत ना? मग सत्कार त्यांचा करा," मी म्हटलं.

अध्यक्ष खरंच गोंधळला. "तात्याचा? मॅडम, तात्या तर घरचाच हाय."

"मग? घरच्यांना थंडी वाजत नाही का?"

लोक हसले आणि हसता हसता टाळ्या सुरू झाल्या. तात्या जागचे हलेनात. माझ्या फोनचं काय करायचं हेच त्यांना कळत नव्हतं. बायकांतून मालनकाकूंचा आवाज आला, "आवो, जावा की! आन् टोपी सरळ करा!" तात्या लंगडत स्टेजवर आले. मी शाल पूर्ण उलगडून त्यांच्या खांद्यांवर घातली, सही पाठीवर येईल अशी. नारळ दिला. मग खाली उतरून फोटो मी काढला.

"ताई, मागनं उजेड येतोय," तात्या वरून म्हणाले. "जरा डावीकडं सरका."

ते बोलत होते तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांनी शालीचं टोक वापरलं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. फोटो हललेला आहे.

जेवताना मी भीत भीत विषय काढला. "तात्या, उद्या मुंबईला..."

त्यांनी घास खाली ठेवला. "ताई, तुमचा शब्द मोडायचा न्हाय. पर सत्काराची शाल कोन माघारी मागतं व्हय?"

"पण मुंबईच्या भिंतीवर तुमचं नाव..."

"मुंबईत मला वळखतंय कोन? हितं समद्यांनी बघितलं."

मालनकाकूंनी हात पुढे केला. "आना ती, पिशवीत घालून कपाटात ठिवते."

"हात लावू नगंस," तात्या म्हणाले आणि शाल गळ्याशी आवळून धरली.

शुक्रवारी पहाटे मी रिकाम्या हातानं, भरल्या डिकीनं निघाले; समारंभातले उरलेले सगळे नारळ मंडळानं तीत टाकले होते. रेवतीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "भिंतीवर काय लावू?" मी म्हटलं, "खिळा आहे ना? आणि पट्टी?" तिनं फोन आपटला. पण दुसरं काही लावायला वेळ नव्हता, म्हणून खिळा तसाच राहिला. खाली पट्टी: दत्तू आर्टिस्ट, वरकुटे, आणि माझं नाव. उद्घाटनाला लोक त्या खिळ्यासमोर सगळ्यात जास्त वेळ थांबले. एक बाई "धाडसी आहे" म्हणाल्या. एका गृहस्थांनी किंमत विचारली आणि रेवती धंद्यात कच्ची नाही, तिनं सांगितली.

हा झाला प्रवास. जायचं असेल तर हंगामात जा, ट्रॉल्यांना जपा, भिगवणला जेवा, आणि डिकी रिकामी ठेवा. इंदापुरात कुणाच्या घरी गेलात तर त्यात नारळ भरणारच. आमच्या सोसायटीनं महिनाभर वड्या खाल्ल्या. उरलेल्या शाली माझ्या कपाटात पिशवीबंद आहेत. मागच्या आठवड्यात समोरच्यांची मुलगी सीए झाली, तेव्हा एक दिली.

मालनकाकूंचा फोन परवा आला, मी आईशेजारी बसले होते तेव्हा.

"ताई, ह्ये काय शाल अंगावरनं काढंनात. रानात तीच, च्याला तीच, ट्रॉली रंगवाया गेलं तरी तीच. आता काल कालवण सांडलंय. धुवायची कशी ती?"

इतकी वर्षं मी कलाकारांबरोबर कपडे करतेय, त्यांच्यावर लेख आले, चर्चा झाल्या, पण ते धुवायचे कसे असं मला कुणी कधीच विचारलं नव्हतं. आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"थंड पाण्यात धुवा, काकू. घासू नका, आणि सावलीत वाळत घाला."

"आन् सही जाईल का?"

"नाही जाणार. ऑइलपेंट आहे."

"मंग बरं," काकू म्हणाल्या. "न्हायतर बसतील रडत."